बुडाला भोक असलेले शिपाई

"पाणी कुठलं घेतलंय गं?" तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आईनं विचारलं.

"कपडे धुतलेलं!" उत्कर्षा खालून ओरडली.

"पहिलं की दुसरं?"

"आई, किल्ल्याला काय फरक पडतो?"

"किल्ल्याला नाही, मला पडतो! दुसऱ्या पाण्यात मी गॅलरी धुणार होते!"

उत्कर्षानं चिखलात कोपरापर्यंत हात घातले आणि उत्तर द्यायचं टाळलं. शाळा असताना दमत नव्हती एवढी ती दिवाळीच्या सुट्टीत दमली होती. पंखे पुसून झाले, डबे घासून झाले, गाद्या उन्हात टाकून पुन्हा आत आणून झाल्या. एक काम मात्र कधीच संपत नव्हतं. धाकट्या भावाला, म्हणजे युवराजला, सांभाळणं. आजच्यासारखी सोमवारची सुट्टी सोडली तर आई रोज गणवेश शिवायच्या कारखान्यात जायची आणि संध्याकाळी घरी येऊन उरलेली दिवाळी करायची. त्यामुळे "मी दमले" हे वाक्य त्या घरात आधी आईचं होतं. उत्कर्षाचा नंबर नंतर.

त्यातून जुळे सोलापुरातला ऑक्टोबर! ऊन असं की भिंतीलाही सावलीत बसावंसं वाटावं. सिद्धकृपा सोसायटीत नळाला पाणी आलं की सण आणि नाही आलं की उपास. किल्ल्यासाठी बादलीभर पाणी मिळालं, हेच पुष्कळ.

"ताई, बुरूज पडला," युवराज म्हणाला.

"पडला की पाडलास?"

"मी नुसता बघायलो होतो त्याच्याकडं!"

"तू बघितलंस म्हणूनच पडला बे!" सुमित हसला. सुमित मागच्या वस्तीत राहायचा. त्याची आई, रेश्मामावशी, सोसायटीतल्या तीन-चार घरी भाकऱ्या करायची. आज त्यानं एक पिशवी आणली होती. त्याच्या बाबांनी जुन्या बाजारातल्या भंगारातून घेतलेले प्लॅस्टिकचे शिपाई! हिरवे, उडालेल्या रंगाचे, एकाची बंदूक अर्धी, एकाचं नाक कुणीतरी चावलेलं. पण उभे असे ऐटीत की चिखलाच्या टेकाडाचा लगेच किल्ला झाला.

सुमित एकेक शिपाई मातीत खोचत होता, तेवढ्यात जिन्यावरून लुंगी सावरत महेश्वरकाका खाली आले. काका म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष. पण त्याहून मोठं पद त्यांनी स्वतःच स्वतःला दिलं होतं, जुन्या खेळण्यांचे जाणकार! गणपतीत त्यांनी 'जुना शिपाई कसा ओळखावा' यावर भाषण केलं होतं, तेव्हा निम्मी सोसायटी झोपली होती. जागी होती ती मुलं, कारण त्यांना भाषणानंतर पेढे मिळणार होते.

"माझे शिपाई!" काका किल्ल्यापाशी येऊन थबकले. मग त्यांचा आवाज चढला. "माझे शिपाई आहेत हे! मी तिकडं सकाळपासून कपाट उपसतोय आणि हे इथं चिखलात! चोर! घरात आईबरोबर येतोस आणि चोरी करतोस?"

गॅलऱ्यांमधून माणसं डोकावली. पहिल्या मजल्यावरची, दुसऱ्या मजल्यावरची, आणि हातात फडकं घेतलेली तिसऱ्या मजल्यावरची उत्कर्षाची आईसुद्धा.

"काका, हे माझ्या बाबांनी घेतलेत," सुमितचा आवाज चिखलाइतका मऊ झाला. "बाजारातून."

"हा तोच साचा आहे! गड्ड्याच्या जत्रेत माझ्या वडिलांनी घेतलेले, आज मिळत नाहीत ते!" काकांनी एक शिपाई उपटला, उलटा केला, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "आणि भोकं पाडलीस? माझ्या शिपायांच्या बुडाला भोकं? अरे, माझ्या शिपायांना आयुष्यात माती लागली नव्हती! लोकरीत गुंडाळून ठेवत होतो मी त्यांना!"

त्यांनी सगळे शिपाई पिशवीत कोंबले. वर जाता जाता त्यांनी जिन्यातच रेश्मामावशींना गाठलं. मावशी हात पुसत बाहेर येत होत्या.

"उद्यापासून येऊ नका," काका म्हणाले. हेसुद्धा मोठ्यानं.

रेश्मामावशी खाली किल्ल्यापाशी आल्या. पदर नीट केला, सुमितचा चिखलाचा हात धरला आणि फाटकातून निघून गेल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्कर्षा आणि युवराज सुमितच्या घरी गेले. सुमित उंबऱ्यावर बसला होता.

"किल्ला अर्धाच आहे," उत्कर्षा म्हणाली.

"राहू दे."

"बुरूज मी परत बांधला," युवराज म्हणाला. "पडला परत."

एरवी सुमित हसला असता. आता तो नुसता उंबरा खरवडत राहिला. "दुसऱ्या मजल्यावरच्या काकूनंबी आईला सांगितलं, दिवाळी झाल्यावर बघू. आई म्हणाली, आता कुणाच्या दारात जायचं न्हाई. रात्री जेवलीबी न्हाई ती."

आत रेश्मामावशी तांदूळ निवडत होत्या. तोच तोच तांदूळ त्या पुन्हा पुन्हा निवडत आहेत, हे उत्कर्षानं पाहिलं. काका चोर कुणाला म्हणाले होते? सुमितला. पण दारं बंद होत होती ती मावशींची. एकदा हे नाव घराघरांत गेलं की ते पुसायला कुठलं पाणी पुरणार?

उत्कर्षानं फ्रॉकच्या खिशातून काहीतरी काढून सुमितच्या समोर धरलं. नाक चावलेला शिपाई!

"बुरुजाखाली दबला होता. काकांच्या हाती लागला नाही. आता सांग, हे भोक कुणी पाडलं?"

"आधीपासून होतं की. सगळ्यांनाच हाय. त्यात काडी घातली की शिपाई मातीत घट्ट बसतो, उतारावरबी पडत न्हाई. आधी ज्या पोराचे होते, त्यानं किल्ल्यासाठी पाडलं असणार."

"काका म्हणतात, तू आत्ता पाडलंस." उत्कर्षानं शिपाई उलटसुलट करून बघितला. मग एकदम उठली. "सुई आहे घरात?"

मावशींनी न विचारता सुई दिली. युवराजनं ती चिमट्यात धरून गॅसवर लाल केली. उत्कर्षानं जुन्या भोकाशेजारीच शिपायाच्या बुडाला ती टोचली. चर्रर्र! घाणेरडा वास आला.

"ई! शिपाई जळला!"

"गप रे. आता बघा!"

तिघांची डोकी एकमेकांवर आपटली. नवीन भोक आतून गडद हिरवं होतं, चकचकीत, आणि कडेला वितळलेल्या प्लॅस्टिकची मऊ कड उभी राहिली होती. जुनं भोक मात्र आतूनही शिपायाच्या अंगासारखंच फिकं, पिवळट पडलेलं! त्यात दगडासारखी माती होती. उत्कर्षानं ती सुईनं टोकरली, तर मातीबरोबर वाळलेलं, केसासारखं मूळ बाहेर आलं.

"हळीव!" सुमित ओरडला. "किल्ल्यावर हिरवळ यावी म्हणून पेरतात की आपण!"

"म्हणजे कुठल्यातरी जुन्या दिवाळीत हा शिपाई किल्ल्यावर उभा होता," उत्कर्षा म्हणाली. "आणि काकांच्या शिपायांना तर आयुष्यात माती लागलेली नाही. ते स्वतःच म्हणाले!"

*

काकांच्या घरी दार अक्कम्माकाकूंनी उघडलं. सुमित बाहेरच, जिन्यात थांबला. तो आत यायला तयार नव्हता.

"हळू बोला रे, न्याहारी करून परत झोपलेत," काकू म्हणाल्या. "बसा. चिवडा खा." त्यांचा चेहराही उतरलेला होता. "आज मीच भाकऱ्या केल्या. भाकऱ्या कसल्या, पापड झाले. काल मी गप्प बसले ते चुकलंच बघ माझं."

चिवडा एका नव्या कोऱ्या स्टीलच्या डब्यातून आला. युवराजनं त्यात आपलं तोंड बघितलं आणि जीभ दाखवली.

"छान आहे डबा," उत्कर्षा उगाच म्हणाली.

"निंगव्वाकडून घेतला. त्या बोहारणीकडून गं, जुन्या कपड्यांवर भांडी देते ती. दोन पँटी आणि यांच्या स्वेटर-कानटोपीचं गाठोडं दिलं. एवढ्यावर डबा द्यायला तयार नव्हती, मी तासभर घासाघीस केली!"

उत्कर्षाच्या हातातला चिवडा हातातच राहिला. स्वेटर. कानटोपी. लोकर!

"ताई," युवराज तोंड भरलेलं असताना म्हणाला, "ती निंगव्वा परत पण आली होती. परवा दुपारी. मी बघितलं की! डोक्यावर टोपली नव्हती, आणि ओरडतपण नव्हती. भांडी नसली तर बोहारीण कशाला ये..."

उत्कर्षानं टेबलाखालून त्याला अशी लाथ मारली की शेंगदाणा नाकात गेला.

आतून काका आले. उत्कर्षानं त्यांना शिपाई दाखवला, नवं भोक, जुनं भोक, मूळ, सगळं सांगितलं. काकांनी चष्मा वर केला, खाली केला. क्षणभर ते गडबडल्यासारखे दिसले. पण अध्यक्ष माणूस, इतक्या लवकर कुठला खाली उतरतो!

"मग माझे कुठं गेले?" ते गुरगुरले. "आधी माझे आणून दाखवा. मग मला भोकांचं सांगा!"

"आम्ही आणतो," उत्कर्षा म्हणाली.

जिन्यात येताच युवराज उसळला, "लाथ का मारलीस? सांगून टाकायचं की तिथंच!"

"आणि काका काय म्हणाले असते? आता चोर सुमितऐवजी निंगव्वा झाली असती. आधी शिपाई हातात येऊ देत."

*

निंगव्वा मंगळवारच्या बाजारात कपडे मांडून बसते, हे काकूंकडून कळलं होतं आणि आज मंगळवारच होता. आई कारखान्यात जायला निघाली होती. तिनं तिघांकडे बघितलं, बसच्या तिकिटाचे पैसे दिले आणि एवढंच म्हणाली, "टोप्या घाला. आणि काही झालं तरी एकमेकांचा हात सोडू नका."

बाजारात दिवाळीची गर्दी! पणत्या, आकाशकंदील, रांगोळीचे ढीग, आणि त्यापलीकडे जुन्या कपड्यांची गल्ली. तिथं ना सावली ना वारा. जुन्या कापडांचा, साबणाचा आणि घामाचा वास मिसळून आला होता. बोहारणी ओळीनं बसल्या होत्या. शर्ट, पँटी, साड्या, सोलापुरी चादरींचे तुकडे. तिघं गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. निंगव्वा नाही. परत आले. नाही.

"चला जाऊ या बे," सुमित म्हणाला. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो पाय ओढत चालत होता. "मिळाले तरी काका म्हणतील मीच तिला विकले."

उत्कर्षालाही रडू यायला लागलं होतं. तिला कुठंतरी फरशीवर गाल टेकून झोपावंसं वाटत होतं. पण मावशींचा तो पुन्हा पुन्हा निवडलेला तांदूळ तिला आठवला. "अजून एक फेरी," ती म्हणाली. "फक्त एक."

तेवढ्यात युवराज ओरडला, "भांड्यांमागं! ती बघ, भांड्यांमागं जेवायलीय!"

निंगव्वा टोपलीच्या आडोशाला बसून कडक भाकरी मोडत होती. उत्कर्षानं धापा टाकत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता निंगव्वाचे डोळे मोठे झाले.

"अय्यय्यो! आगं, मी आले होते की द्यायला!" ती हातातला घास खाली ठेवत म्हणाली. "स्वेटर झटकला तर बाहीतनं खडखड, खडखड! बघते तर बाहुल्या. मी दोन कोस उन्हात चालत आले बघ. त्या अण्णानं दार उघडलंच न्हाई! आतूनच वरडला, 'काही नको, काही नको, पुढं जा!' मी म्हणलं, आवो ऐका तर. तर म्हणला, 'झोपू द्या!'"

"काकाच!" युवराजनं कपाळावर हात मारला.

"मग द्या की आमच्याकडं," सुमित म्हणाला.

निंगव्वानं भुवई उडवली. "व्हय का? कुणीबी येईल, म्हणेल दे. कापडं माझी, त्यावर मी भांडं दिलंय. बाहुल्या माझ्या न्हाईत. ज्याच्या हायत त्यालाच जाणार. तुमच्या कशावरनं?"

"आमच्या नाहीतच," उत्कर्षा म्हणाली. "पण कशा आहेत ते सांगते. हिरवे शिपाई. रंग फिका, पण माती कुठंही नाही. आणि एकाच्याही बुडाला भोक नाही."

निंगव्वानं पोत्यातून एक पुरचुंडी काढली, सोडली, आणि प्रत्येक शिपाई उलटा करून डोळ्यांजवळ नेला. जुनं कापड उजेडात धरून विरलेलं कुठं आहे ते बघायची तिची सवय, तशीच. एकही भोक नव्हतं.

"घेऊन जा," ती म्हणाली. "आणि त्या अण्णाला सांग, दार उघडत जा म्हणावं. आणि पोरा, तुजी चप्पल हिकडं आण." तिनं पिन घालून सुमितच्या चपलेचा अंगठा जोडून दिला.

*

संध्याकाळी किल्ल्यावर पणत्या लागल्या. अक्कम्माकाकूंनी काकांच्या नकळत सुमितची पिशवी उत्कर्षाच्या हातात दिली होती. "माझं नाव सांगू नको," असं त्या म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "सांगितलंस तरी चालेल."

सगळी सोसायटी पणत्या बघायला खाली उतरली होती. उत्कर्षा स्वतः जाऊन रेश्मामावशींना घेऊन आली होती. मावशी फाटकापाशीच थांबल्या, आत आल्या नाहीत.

"काका," उत्कर्षा म्हणाली, "तुमचे शिपाई मिळाले."

"कुठंयत?"

"किल्ल्यावर. सुमितचेही आहेत, मिसळलेत. तुम्ही तर लांबून ओळखता! फक्त उचलून बघायचं नाही."

काका गालातल्या गालात हसले. जाणकाराला परीक्षा! ते वाकले, एक डोळा मिटला, बोट फिरवलं. "हा! याची ऐट बघा. हाच माझा. आणि हा, बंदूकवाला. आणि दरवाज्यावरचा तर शंभर टक्के माझा. वडिलांनी मला दिला तो हाच!"

"नक्की?"

"अगं, डोळे झाकून सांगतो!"

सुमितनं पहिला शिपाई उपटला आणि उलटा केला. बुडाला भोक. दुसरा. भोक. दरवाज्यावरचा शंभर टक्केवाला. भोक, आणि भोकात काडी!

कुणीतरी खुदकन हसलं. मग उत्कर्षानं न निवडलेल्यातला एक शिपाई उचलून काकांच्या तळहातावर ठेवला. स्वच्छ, सपाट बूड. काका त्याच्याकडे बघतच राहिले.

"स्वेटरच्या बाहीत होते," उत्कर्षा म्हणाली. "स्वेटर निंगव्वाकडं गेला. ती परत द्यायला आली होती. तुम्ही दार न उघडता तिला हाकललंत."

काका गर्रकन काकूंकडे वळले. "तू माझा स्वेटर..."

"स्वेटरात शिपाई ठेवतात का कुणी?" काकूंनी कमरेवर हात ठेवले. "आणि 'कपाटातलं जुनं सगळं काढून टाक' असं कोण ओरडत होतं? मी का?"

काकांनी इकडंतिकडं पाहिलं. ते हळूच उत्कर्षाच्या कानाशी आले. "बरं, चूक झाली. मी रेश्माला उद्या फोन करून सांगतो. निवांत."

उत्कर्षा इतकी दमली होती की तिला भीती वाटायचीही ताकद उरली नव्हती. "नाही काका," ती म्हणाली. "चोर म्हणालात ते तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आलं होतं. हेही तिथंपर्यंत गेलं पाहिजे."

आई आता रागावणार, असं तिला वाटलं. मोठ्यांशी असं बोलतात का! पण आई पुढं आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली. "बरोबर बोलली माझी पोरगी," ती म्हणाली. "हे खरं तर कालच मी बोलायला हवं होतं. मी फडकं हातात धरून नुसती बघत बसले."

काकांनी घसा खाकरला. "सुमित चोर नाही," ते म्हणाले.

"ऐकू आलं नाही!" वरून आवाज आला. सगळ्यांनी माना वर केल्या. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत युवराज कानामागे हात धरून उभा होता. हा कधी वर पळाला, कुणालाच कळलं नव्हतं. "काका, इथं पोचत नाही! जरा मोठ्यानं!"

आता मात्र सगळे हसले. काकासुद्धा, थोडेसे, ओशाळून. मग त्यांनी लुंगी सावरली, फाटकाकडे तोंड केलं आणि छाती भरून श्वास घेतला.

"सुमितनं चोरी केली नाही! चूक माझी होती! रेश्माबाई, मला माफ करा!"

आवाज भिंतींवर आपटून घुमला. पणत्यासुद्धा हलल्यासारख्या वाटल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मान खाली घातली. "या पोरांनी आज आम्हाला शिकवलं हो!" कुणीतरी मागून म्हणालं आणि दोन-चार जणांनी उत्कर्षाच्या पाठीवर थापही मारली. तिला मात्र त्या थापा दुरून आल्यासारख्या वाटत होत्या. ती फाटकाकडे बघत होती.

रेश्मामावशी हळूहळू आत आल्या. किल्ल्यापाशी सुमितच्या डोक्यावर हात ठेवून त्या थांबल्या. काकांकडे त्यांनी बघितलं नाही. मान वर करून त्यांनी आधी पहिल्या मजल्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, जिथं युवराज अजून कान देऊन उभा होता.

"काय रे, आलं का आता?" त्यांनी विचारलं.

"आलं मावशी! स्वच्छ आलं!"

"मग बास," त्या म्हणाल्या, आणि काल दुपारपासून पहिल्यांदाच निवांत, किल्ल्याच्या कडेला टेकून खाली बसल्या.